सुताचा आलेख

सोलापुरात नवी पेठेत आमचा क्लास आहे. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवते. यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, जन्मापासून दृष्टिहीन. वडील अशोक चौकाजवळ यंत्रमागावर. घरात तेलुगू, क्लासात मराठी. लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं 2006 साली ते सुरू केलं, आजही फुकट मिळतं. मला वाटलं, नोट्स पाठवल्या की झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझी फाईल मोठ्यानं लावली. मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. नोट्स जुन्या फॉन्टमधल्या. दिसायला मराठी, आत इंग्रजी. स्कॅन केलेली पानं तर पार मुकी. तेव्हापासून रोज रात्री थोडंथोडं युनिकोडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला मराठी म्हणून ओळखता येईल असं, टाईप करतेय.

पण खरी अडचण मागणी-पुरवठ्याच्या आकृतीची. फळ्यावर मी "हे इथून असं खाली" म्हणाले, तर तिनं विचारलं, "मॅडम, इथून म्हणजे कुठून? परीक्षेत लेखनिक मिळेल, मी सांगेन तेवढंच लिहिणारा, तासाला 20 मिनिटं जादा मिळतील. पण आकृती मलाच सांगावी लागेल ना?"

इतकी वर्षं शिकवतेय, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

शनिवारी तिनं कारखान्यातलं उरलेलं सूत आणलं. पुठ्ठ्यावर जाड सुताचे दोन अक्ष चिकटवले, उभा किमतीचा, आडवा नगांचा. मागणीला खरबरीत धागा, पुरवठ्याला गुळगुळीत, छेदतात तिथे गाठ. तिचं बोट डावीकडून वरून घसरत उजवीकडे खाली निघालं, गाठीवर थबकलं. मग मागणीच्या उजव्या अंगाला मी तसाच आणखी एक धागा लावला. "लोकांचं उत्पन्न वाढलं समज."

बोट गुळगुळीत धाग्यावरून वर चढलं. थांबलं. "मॅडम, भाव पण चढला, माल पण जास्त खपला!"

मी काहीच सांगितलं नव्हतं. मला भरून आलं.

"आता मी तुझी लेखनिक," म्हणत मी खडू उचलला. ती सांगू लागली: उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, मागणी डावीकडे वरून उजवीकडे खाली... सवयीनं माझा हात पुरवठ्याकडे वळला. खडूचा आवाज तिनं लगेच टिपला.

"थांबा मॅडम, ती रेष मी अजून सांगितली नाही."

मी रेष पुसली आणि वाट बघत उभी राहिले.