तिसऱ्या खुर्चीवरून

१ जानेवारी

वर्षाच्या पहिल्या दिवशी मामांसमोर ‘सम्राट अशोक’ विमानाचा विषय काढायचा नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. माझ्या भाचीने तो आज श्रीखंड वाढतानाच मोडला. ती एअरबस ए-३२०वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. मामा बोइंग ७४७ जम्बोवरचे निवृत्त फ्लाइट इंजिनिअर, दोन वैमानिकांच्या मागे बसून इंजिनं आणि यंत्रणा सांभाळणारे, म्हणजे आता कॉकपिटमधून खुर्चीच गेली अशा जागेवर नोकरी केलेले.

१ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं हे पहिलं जम्बो मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. उड्डाणानंतर विमान जरासं उजवीकडे वळून पुन्हा सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते खरं धरून कॅप्टनने विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, पार ९० अंशांच्या पुढे.

भाचीचं म्हणणं सरळ होतं. शेजारच्या को-पायलटचं क्षितिज वेगळं, स्टँडबाय म्हणजे राखीव क्षितिज वेगळं. दोन विरुद्ध एक. ‘आबा,’ ती मामांना म्हणाली, ‘हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.’

मामांनी चमचा खाली ठेवला. ‘बाहेर काय दिसत होतं ते सांग. पुढे नुसता काळा समुद्र. विमान हळूहळू कललं की तोल सांभाळणाऱ्या कानाला पत्ता लागत नाही. आणि शेजारच्याने काय सांगितलं? माझंही कलंडलंय!’

इथे भाची गप्प झाली. को-पायलटचं उपकरण खरंच कललेलं होतं, कारण तोवर विमानच कललं होतं. चालू असलेलं यंत्रही त्या क्षणी बिघडल्यासारखं दिसलं. त्या उपकरणावर जाऊ नका, असं सांगणारा आवाज कॉकपिटमधल्या टेपवर आहे तो मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरचा. मामा हे सांगताना आवाज चढवत नाहीत, पण दरवेळी सांगतात.

चौकशीत उपकरणातला बिघाड आला, आणि इतर उपकरणांच्या आधाराने विमान सावरता आलं नाही, हेही आलं. अमेरिकेत विमान आणि उपकरणं बनवणाऱ्यांवर खटले झाले. १९८५मध्ये कोर्टाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. मामांच्या मते तिथे कंपन्या सुटल्या आणि मेलेला माणूस अडकला. भाचीच्या मते निकाल बरोबर.

मला गंमत वाटते ती वेगळीच. कॅप्टनवर सगळ्यात कडक कोण, तर उद्या पहाटे ड्यूटी असलेली मुलगी. मामांना आता कुठे उडायचं नाही, म्हणून ते दया दाखवू शकतात. तिला मात्र ‘मी असते तर स्टँडबाय बघितलं असतं’ हे धरूनच कॉकपिटमध्ये बसायचं आहे. हे तिला बोललो नाही. बोललो असतो तर श्रीखंड तिथेच राहिलं असतं.

मग तिनेच बाजू बदलली. २००९चं रिओ-पॅरिस, एअर फ्रान्स ४४७. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे गेले, ऑटोपायलट सुटला. हे एक मिनिटही टिकलं नसेल. पण नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, अटलांटिकमध्ये पडलं, २२८ जणांसह. तिचा राग यंत्रावर होता: वेग ६० नॉटच्या खाली दिसला की स्टॉलची सूचना बंद व्हायची, आणि नाक खाली केलं, म्हणजे योग्य ते केलं, की पुन्हा ओरडायला लागायची. ‘अशा वेळी माणसाने कोणाचं ऐकायचं, आबा?’ मामा म्हणाले, ‘मागच्या खुर्चीवरच्याचं.’ सगळे हसले, पण त्या एअरबसमध्ये ती खुर्ची नव्हती आणि कॅप्टन विश्रांतीहून परत आला तेव्हा विमान पडायला लागलं होतं.

जेवणानंतर अहमदाबाद, म्हणजे २०२५चा एअर इंडियाचा अपघात, निघालंच. प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’ला, म्हणजे बंदवर, गेल्याची नोंद आहे. एक वैमानिक विचारतो का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं, हे अहवाल सांगत नाही. भाची म्हणाली, तो स्विच आधी वर उचलावा लागतो, धक्क्याने हलत नाही. मामांनी २०१८ची अमेरिकी सूचना काढली, त्या स्विचच्या लॉकबद्दलची. तपासणी सक्तीची नव्हती.

अंतिम अहवाल येईपर्यंत आपण यावर एक शब्द बोलणार नाही, असं मामांनी जाहीर केलं. मग दारात चपला घालून उभ्या असलेल्या भाचीला अर्धा तास थांबवून ते त्यावरच बोलत होते.