ओव्हरड्राइव्ह टाकून घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, पिकअपला मागे ओव्हरड्राइव्ह टाकून घेऊ का? डिझेल वाचेल ना?" हा प्रश्न वर्षातून दोनदा लाटेसारखा येतो. एकदा आंब्याच्या हंगामाआधी आणि एकदा 1 जूनला मासेमारी बंद झाली की. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारी जादा गिअरची पेटी, गाडीचा वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी. टाकता येतो. पण फक्त डिझेलसाठी टाकत असाल तर नका टाकू. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "तुम्हाला काम नको असेल तर तसं सांगा." म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी हिशोब. चार गिअरची जुनी गाडी, मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊनचे दात 43, त्याला फिरवणाऱ्या पिनियनचे 8, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38. चाक एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातं. ताशी 80 ला इंजिन मिनिटाला 3250 फेऱ्यांच्या वर किंचाळतं. लेकॉक कंपनीच्या पद्धतीच्या पेटीचं प्रमाण 0.78 धरलं तर तेच इंजिन 2540 वर येतं. कान सुखावतात, बेअरिंगं सुखावतात. पण 80 ला वाऱ्याचा रेटा तेवढाच राहतो आणि वजनही तेवढंच. वाचतं ते इंजिनाच्या घर्षणातलं, आणि त्यातला थोडा वाटा ही पेटी स्वतः गरम होऊन परत घेते. शिवाय ही बचत सलग सपाट रस्त्यावरची. चौपदरी झालेले टप्पे आणि कशेडीचा बोगदा सोडला, तर आपल्याकडे एका उतारावरून दुसऱ्या चढावर जायचं, दुसरं काय? भरलेली गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये 1600 च्या खाली ओढायला लावली तर काळा धूर निघतो, इंजिन ठोकायला लागतं आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

ज्यांच्या गाडीला पाच गिअर आहेत आणि पाचवा आधीच 0.8 च्या आसपास आहे, त्यांनी तर विषयच सोडावा. 0.8 गुणिले 0.78 म्हणजे 0.62. त्या गिअरला गाडी ओढेल असा रस्ता रत्नागिरी जिल्ह्यात मला माहीत नाही.

मग लोक टाकतात कशाला? अर्ध्या गिअरसाठी. तिसरा 1.6, चौथा 1. आंबा घाटात साखरप्याकडून चढताना तिसऱ्यात इंजिन बोंबलतं आणि चौथ्यात मरतं. तिसऱ्यावर ओव्हरड्राइव्ह लावला की 1.25 मिळतो, नेमका मधला. आंब्याच्या पेट्या भरलेल्या गाडीला हे सुख मोठं आहे. ते मी नाकारत नाही.

एक गंमत कुणी सांगत नाही. पेटी गिअरबॉक्सच्या मागे बसते आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघते, म्हणजे पेटीच्या आधी. गाडी 80 ला पळताना काटा 62 दाखवतो. किलोमीटरही तसेच कमी पडतात, 100 चे 78. मग मालक येऊन भांडतो की ॲव्हरेज उलट पडलं. पडलेलं नसतं, मोजणारा काटा चुकत असतो.

आता मी पेटी बसवलेल्या एका मासळीच्या गाडीची गोष्ट. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला जाणारी. चासी चांगली, मागच्या ॲक्सलला फिरवणारा शाफ्ट नीट कापलेला, वायरिंग स्वच्छ. काही महिन्यांनी तक्रार आली की स्विच दाबल्यावर ओव्हरड्राइव्ह उशिरा लागतो. विजेवर पेटी चालू करणारा सोलेनॉइड बदलला. पंधरा दिवस बरं चाललं. मग वायर बदलली, कारण खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात, आणि हेही पडले होते. तरी तेच. शेवटी घाटात तिसऱ्यावर ओव्हरड्राइव्ह असताना इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडी होती तेवढ्याच वेगाने जात राहिली. कोन क्लच, म्हणजे तेलाच्या दाबाने ओव्हरड्राइव्ह धरून ठेवणारा शंकूसारखा क्लच, घसरत होता.

तेल काढलं तर पातळ ताकासारखं. तापलेल्या पत्र्यावर चार थेंब टाकले, तडतडले. म्हणजे पाणी. सगळ्यांचं बोट ऑइल सीलकडे. सील काढले, ते धडधाकट. मग पेटीच्या माथ्यावरच्या ब्रीदरकडे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकाकडे, लक्ष गेलं. त्याच्या टोपीभोवती मिठाचं पांढरं कडं जमलेलं होतं.

झालं असं. कोल्हापूरहून परतीला गाडी रिकामी, ओव्हरड्राइव्ह लावून धावायची. पेटी हात लावू देणार नाही इतकी तापायची, आतली हवा ब्रीदरमधून बाहेर जायची. जेटीवर थांबली की लगेच हौद्यात बर्फ. फळ्यांच्या फटीतून मासळीचं गार खारं पाणी थेट पेटीवर. पेटी एकदम थंड, आतली हवा आकसली, आणि ब्रीदरने जे तोंडाशी होतं ते आत ओढलं. रोज चमचा-दोन चमचे. पाणी मिसळलेल्या तेलाला फेस येतो, पंपाला हवा तेवढा दाब मिळत नाही, पिस्टन कोनला पुरता दाबत नाहीत. कोन घसरतो, त्याचं अस्तर जळतं, जळालेल्या अस्तराची पूड जाळीत अडकते, दाब आणखी पडतो. आत प्लॅनेट गिअरच्या बेअरिंगच्या सुया गंजून खड्डे पडलेले. पेटी दोष नसताना मेली. ब्रीदर फळीच्या फटीखाली तसाच ठेवला, ती चूक माझी. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा ब्रीदर तसाच असतो आणि चालतो, असं तेव्हा वाटलं. पण त्यांच्यात तेल नुसतं गिअर भिजवतं, तेलाच्या दाबावर चालणारा कोन क्लच त्यांच्यात नाही.

आता मासळीच्या गाडीला ब्रीदरवर रबरी नळी चढवून ती केबिनच्या मागे उंच नेतो आणि टोक खाली वळवतो. पेटीच्या वर पत्र्याचं ताट, पाणी मागच्या बाजूला सोडणारं. आणि तेल पेटीच्या कागदावर लिहिलं असेल तेच. डिफरन्शियलमधलं उरलेलं ओतू नका, त्यात मिसळलेल्या रसायनांनी कोन घसरतो.

शाफ्टबद्दल थोडक्यात सांगतो, कारण उरलेला निम्मा गोंधळ तिथेच होतो. पेटी 300 मिलिमीटर लांब असेल तर शाफ्ट तेवढा आखूड होणार. 1300 च्या शाफ्टची दोन टोकं 130 ने वर-खाली असतील तर कोन पावणेसहा अंश. शाफ्ट 1000 चा झाला की तोच कोन साडेसातच्या जवळ जातो. मग शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस झिजतात आणि 60 ला गाडी थरथरते. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत, वेल्डिंगनंतर बॅलन्स करून घ्यायचाच. स्लिपचं, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या जोडाचं, माप गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना, दोन्ही वेळा घ्या. पाटे बसले की ॲक्सल मागे सरकतो. पेटीला खालून आधार द्या, पण रबरावर. कडक पट्टी मारलीत तर चासी मुरगळताना ॲल्युमिनियमचं कव्हर फुटेल.

आणि रिव्हर्सचा स्विच. एका बाजूलाच फिरू देणारा क्लच आत असतो. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना मागे घेतलीत तर पेटी तुटते. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीवरून ओव्हरड्राइव्हचा प्रवाह तोडायचाच. घाट उतरताना मध्येच स्विच दाबू नका. बदल होण्याच्या क्षणी कोन कुठेच धरत नाही आणि इंजिनाची ओढ सुटते. भरलेल्या गाडीला एक क्षणही पुष्कळ झाला.

आधी मी सगळ्यांना एकच सांगायचो, "पेटी राहू दे, क्राऊन-पिनियन बदल." 5.38 काढून 4.27 टाकलं की 80 ला 2590, जवळजवळ तेवढंच, आणि मध्ये बिघडायला काही नाही. रत्नागिरी-चिपळूण रिकाम्या खोक्यांची वाहतूक करणाऱ्याला आजही तेच सांगेन. पण त्यात पहिल्या गिअरची ओढही वीस टक्क्यांनी जाते. घाटात, वळणावर, भरलेली गाडी थांबली तर उठवताना क्लच प्लेटचा वास केबिनमध्ये येतो. तेव्हा मी यावर "हाफ क्लच कमी कर" एवढंच म्हणायचो. तो सल्ला फुकटचा होता.

मासळीच्या त्या गाडीत पेटी परत बसवली आहे. मालक म्हणतो ठेवा, ड्रायव्हर म्हणतो काढा, आणि दोघांचं म्हणणं मला पटतं.

नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. पेटीने गाडीचं रिकामं वजनही वाढतं. आरटीओत आणि विमावाल्याकडे आधी विचारा. आणि माझ्याकडे येताना क्राऊनचे दात, टायरचं माप, भरलेल्या-रिकाम्या स्लिपची मापं कागदावर घेऊन या.