आमची वाटचाल : निफाडहून फ्विसेपर्यंत

आमची फर्म वाइन आयात करते. आमच्या दरपत्रकात एकाच द्राक्षाची, एकाच भागातली आणि एकाच घरची पांढरी वाइन आहे, तीही ओकच्या बॅरलमध्ये मुरलेली. रेड आम्ही ठेवत नाही, शॅम्पेनही नाही. "एवढ्यावर फर्म चालते?" असं धंद्यातले लोक अजून विचारतात. चालते, पण सावकाश. द्राक्ष शार्दोने, भाग फ्रान्समधल्या दक्षिण बर्गंडीतला पुयी-फ्विसे. ज्या कुटुंबाकडून माल घेतो त्यांची जमीन आमच्या गावातल्या मध्यम बागायतदाराएवढी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण जेवढ्या बाटल्या आमच्या वाट्याला येतात त्यांना गिऱ्हाइकं आधीच पुष्कळ आहेत.

आम्ही दोघं भावंडं निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षबाग, ती खायच्या द्राक्षांची. ताई हिशेबातली, मी युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या पॅकहाउसमध्ये नोकरीला. कामानिमित्त रॉटरडॅमला जाणं व्हायचं, तिथल्याच एका व्यापाऱ्याने फ्विसेच्या या घराशी गाठ घालून दिली. फर्म काढायचं ठरलं तेव्हा ताईची अट एकच होती : जे आपल्याला कळतं तेच विकायचं. वाइन तेव्हा कळत नव्हती, बाग कळत होती. तिथून सुरुवात केली.

पुयी-फ्विसे म्हणजे माकों शहराजवळची चार गावं : फ्विसे, सोल्युत्रे-पुयी, व्हेर्जिसों आणि शांत्रे. डोक्यावर सोल्युत्रे आणि व्हेर्जिसोंचे चुनखडीचे दोन सुळके. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मितराँ दरवर्षी ठरलेल्या सणाला सोल्युत्रेचा सुळका चढायचे, हे गावात अजूनही सांगतात. १९३६ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. या घरच्या आजोबांच्या काळात द्राक्षं सहकारी वायनरीला जायची, भाव तिथे ठरायचा. पुढच्या पिढीने स्वतः बाटल्या भरायला घेतल्या. व्यापारी बांधावर येऊन दर पाडतो तेव्हा काय वाटतं हे आम्हाला कुणी समजवायला नको होतं, त्यामुळे पहिल्याच भेटीत बोलणं जमलं.

पुढे एकदा आमच्या घरच्या आबांना तिकडे घेऊन गेलो. नाशिककडे वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर चढवतात, तिथे सगळं गुडघ्याच्या उंचीला. आबा वाकून वाकून बघत राहिले. मण्यांत बिया, घड तळहाताएवढा. फुगवणीसाठी जीएचं (मणी मोठे करणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं) नाव नाही, उलट मणी लहान राहिलेलाच बरा. छाटणी करताना एक लांब काडी कमानीसारखी वाकवून खालच्या तारेला बांधतात, ही त्या भागाची जुनी रीत. माल किती निघतो विचारलं. हिशेब केला तर एकरी जेमतेम तीन-साडेतीन टन. आमच्याकडे दहा टन निघाले नाहीत तर बायका-पोरं काळजीत. "एवढ्यात यांचं भागतं कसं?" आबा मला विचारत होते, त्या घरच्या म्हाताऱ्या मादाम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग कुणी तरी भुरी आणि डाऊनी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगांचा विषय काढला, त्यावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचा डबा बाहेर आला आणि पुढचा तासभर दुभाष्याची गरज लागली नाही.

आता बॅरलबद्दल, कारण आमचा धंदा त्याच्यावरच उभा आहे.

बर्गंडीचं बॅरल २२८ लिटरचं, त्यातून साधारण तीनशे बाटल्या निघतात. त्यासाठी दीड-दोनशे वर्षांची ओकची झाडं लागतात. लाकूड करवतीने न कापता रेषेच्या अंगाने फोडतात, म्हणजे गळत नाही. मग फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर, पावसापाण्यात ठेवतात, तेव्हा त्यांचा तुरटपणा उतरतो. शेवटी आगीवर शेकत शेकत वाकवतात. ही शेक किती द्यायची यावर पुढची चव बरीचशी ठरते. नवं बॅरल महाग पडतं आणि चार-पाच हंगामांनी त्याचा वास संपतो. या घरी पाचातलं एखादंच नवं असतं, बाकी सगळी जुनी. मुद्दाम.

कारण बॅरल सुगंधासाठी नसतं, श्वासासाठी असतं. लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबाने आत जाते, वाइन थोडी थोडी उडते. म्हणून तळघरात दर आठवडा-पंधरवड्याला एक माणूस लांब नळीची झारी घेऊन फिरतो, प्रत्येक बॅरलचं बूच काढतो, काठोकाठ भरतो, सांडलेलं फडक्याने पुसतो, पुढे जातो. रस आंबतो तोही बॅरलमध्येच. आंबून झाल्यावर यीस्टचा गाळ तळाशी ठेवतात आणि वाकड्या दांड्याने अधूनमधून ढवळतात. त्याने अंगाला भरीवपणा येतो. वसंतात तळघर उबदार झालं की आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल व्हायला लागतं. तेव्हा बुचाच्या भोकाला कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येते. लोण्यासारखा जो वास गिऱ्हाइकाला बॅरलचा वाटतो, तो बहुतेक वेळा इथून आलेला असतो.

हे आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांना समजावण्यात आमची सुरुवातीची वर्षं गेली. ओक म्हटलं की त्यांना व्हॅनिला हवा असायचा, जितका जास्त तितकं भारी. लाकडाचे तुकडे टाकीत टाकून तो वास स्वस्तात आणता येतो, जगभर आणतातही. ती वाइन पहिल्या घोटाला छान लागते, तिसऱ्या घोटाला कंटाळा येतो. माझं मत स्पष्ट आहे : लाकूड ओळखता आलं तर ते जास्त झालं.

पैशाचं गणित ताईचं. आयात वाइनवर १५० टक्के कर आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली, मूळ शुल्क ५० आणि कृषी उपकर १००, पण बेरीज तीच राहिली. दोन हजारांची बाटली बंदरातच पाच हजारांची होते. त्यावर राज्याची फी, व्हॅट, दुकानदाराचं मार्जिन. स्वस्त बाटलीला आणि भारी बाटलीला जहाजाचं भाडं सारखंच, म्हणून स्वस्त फ्रेंच वाइन आणणं म्हणजे काचेचं भाडं भरणं. हा हिशेब तिने एका कागदावर मांडला आणि आमचा माल ठरला. इशाऱ्याची आणि आयातदाराच्या पत्त्याची लेबलं बॉन्डेड गोदामात, म्हणजे कर भरेपर्यंत माल ठेवतात तिथे, उभं राहून चिकटवायची, तेही कामच आहे. एका गोदामात वातानुकूलन बंद पडून काही पेट्या तापल्या. बुचं वर आलेली. त्या विकल्या नाहीत. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये माल उतरवतच नाही. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हे वेळापत्रकही कोलमडलं होतं.

सर्वांत मोठा फटका मात्र फ्विसेकडूनच आला. २०२१ चा मार्च उबदार गेला, कोंब लवकर फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दहिवर गोठलं. शार्दोने लवकर फुटणारं, त्यामुळे तेच जास्त भाजलं. रात्रभर वेलींच्या ओळींत मेणाचे डबे पेटवून बसलेले फोटो त्यांनी पाठवले. निफाडला पारा उतरला की आम्हीही बागेत शेकोट्या पेटवतो, त्यामुळे आबांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "वाचलं किती?" फार नाही. त्या वर्षीच्या मालातला आमचा वाटा निम्म्याहून खाली गेला. नेमकं त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, पुयी-फ्विसेतल्या २२ जागांना प्रीमिये क्रू हा वरच्या प्रतीच्या बागांचा दर्जा मिळाला होता, माकोंच्या भागात पहिल्यांदाच. त्यांच्याही दोन तुकड्यांना मिळाला. माल कमी, मागणी वाढलेली. पॅरिसच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी वरचढ भाव देऊ केला असणार. आमचा वाटा कमी केला, पण काढून टाकला नाही. का, हे आम्ही विचारलं नाही. पैसे मात्र दरवर्षी माल निघायच्या आधी देतो, तेव्हाही दिले.

मुंबई-पुण्यात ही वाइन बर्फाच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून आणतात. तसं केलं की वास मरतो आणि फक्त आंबटपणा उरतो. बारा-तेरा अंशांना प्यावी, म्हणून बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ टेबलावर राहू द्या. बटर-गार्लिक खेकड्याबरोबर उत्तम, लोण्यात परतलेल्या पापलेटबरोबर त्याहून चांगली. काजूच्या उसळीबरोबरही जमते, तिखट जपून असेल तर. मालवणी मसाल्यासमोर टिकत नाही आणि तंदूरसमोरही नाही. तिथे बिअर घ्या, हे आम्ही दुकानातही सांगतो. त्याने एखादी बाटली कमी खपते, पण गिऱ्हाईक परत येतं.

फ्विसेच्या त्या घरी तळघराचा कारभार आता त्यांची मुलगी बघते. तिने थोडी वाइन सहाशे लिटरच्या मोठ्या बॅरलमध्ये टाकून बघितली आहे, म्हणजे लाकडाचा स्पर्श आणखी कमी. चाखली, आवडली. ताई म्हणते, नव्या लेबलाची नोंदणी झाल्याशिवाय मागवायची नाही. तोपर्यंत नेहमीचाच माल येईल, पावसाळा सरल्यावर, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पेट्या दिवाळीआधी सांगून ठेवाव्यात.