साकेचा गोळा

"तिकडची ती तांदळाची मिळते ना गं?" जूनमध्ये विमानाची तिकिटं काढली, त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी फोनवर विचारून घेतलं. मागून सासूबाईंचं "झालं यांचं सुरू" ऐकू आलं.

मिळते म्हणजे काय, आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, तिथे दूध-अंडी घ्यायला गेलं तरी पुढच्याच फळीवर मिळते. अडचण वेगळी होती. दोघं येणार ऑगस्टच्या तोंडावर. ऑगस्टातलं टोकियो म्हणजे वेंगुर्ल्याचा मे महिना, पण खारा वारा काढून घेतलेला. त्या हवेत नुसती साके, म्हणजे तीच तांदळाची दारू, प्यायली की माणूस सोफ्यावर आडवा. त्यात ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावा नदीकाठची आतषबाजी असते, म्हणजे दुपारपासून सतरंजी टाकून जागा धरणं आलं. तेव्हा साकेचं काहीतरी गार आणि हलकं करायला शिकायचं, असं मी ठरवलं. हाताशी दीड महिना होता.

पहिला प्रयोग व्होडकाच्या हिशेबाने केला. उंच ग्लास, फ्रीजमधला बर्फ, अर्धं लिंबू, दोन चमचे साखरेचा पाक, वर सोडा. बाटली मुद्दाम भारीतली आणली होती, दाइगिंजो. हिच्यासाठी तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही लहान करतात, आणि चांगल्या बाटलीला पिकल्या खरबुजासारखा वास येतो. माझ्या ग्लासात त्यातलं काहीच उरलं नाही. नवऱ्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "सरबताचा ग्लास विसळून दिलायस का?" राग आला, पण बरोबर बोलला होता.

स्टेशनच्या रस्त्यावर एक लहानसं साकाया आहे, म्हणजे दारूचं दुकान. ते चालवणाऱ्या आजोबांना माझ्या मोडक्या जपानीत हा प्रकार सांगितला. दाइगिंजोत लिंबू आणि साखर म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की कुणी पिकल्या हापूसचं लोणचं घातल्याचं सांगितलं तर आपला होईल. मग त्यांनी शांतपणे समजावलं. व्होडका चाळीस टक्क्यांची, तिच्यात पाणी गेलं तरी ती टिकते. साके पंधरा-सोळाची. बर्फ, सोडा आणि लिंबू असे तिघं एकदम अंगावर आले की ती बिचारी मान टाकते. मिसळायचीच तर गेन्शु घ्या. साधारणपणे साके गाळून झाल्यावर तिच्यात पाणी घालून ती बेताची करतात. गेन्शुत ते घालत नाहीत, त्यामुळे ती अठरा-वीस टक्क्यांपर्यंत असते आणि बर्फ वितळायचा हिशेब तिच्यात आधीच धरलेला असतो. बर्फसुद्धा घरचा बारीक नको, दुकानात पिशवीत मिळतात ते काचेसारखे मोठे खडे हवेत. आणि आंबट थेंबाथेंबाने, कारण साकेत मुळात आंबटपणा कमी, त्यामुळे लिंबू लगेच डोक्यावर बसतं.

त्यांनी सांगितलेलं सगळ्यात सोपं पेय म्हणजे सामुराई रॉक. मोठ्या खड्यांवर साठ मिली साके आणि पंधरा मिली हिरव्या लिंबाचा रस, एकदाच ढवळायचं. मला दहा मिलीच पुरला. लिंबाऐवजी सुदाची पिळली तर आणखी बरं. तोकुशिमाचं हे हिरवं, सुपारीहून थोडं मोठं फळ. सालीचा वास असा, की पिळल्यावर हात धुवावेसे वाटत नाहीत.

आता माझा खरा पराक्रम. जूनमध्ये इथे दुकानादुकानांत उमे येतात. आलुबुखार आणि जर्दाळूच्या नात्यातलं हिरवं फळ, आंबटपणात आपल्या कैरीला ऐकणार नाही, पण कच्चं खायचं नाही. शेजारीच लाल झाकणाच्या मोठ्या बरण्या, खडीसाखर (हो, अगदी आपली खडीसाखर) आणि पस्तीस टक्क्यांची बिनचवीची दारू मांडून ठेवलेली असते, उमेशु म्हणजे उमेची दारू घालायला. मी म्हटलं, बिनचवीची कशाला, सरळ साकेतच मुरवू. एक किलो उमे धुतली, कोरडी केली आणि एकेकाच्या देठाची काळी टिकली टूथपिकने काढत बसले. चार वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं. टिकली बरोबर सुटली की टक् असा बारीकसा आवाज येतो. मग साके कमी पडेल म्हणून आजोबांकडे गेले आणि कशाला हवी ते सांगितलं.

आजोबा म्हणाले, "ते बेकायदेशीर आहे."

मला वाटलं, माझं जपानी चुकलं. चुकलं नव्हतं. जपानच्या दारूकराच्या कायद्याप्रमाणे घरी फळ मुरवायचं तर मूळ दारू वीस टक्के किंवा त्याहून कडक लागते. त्याहून कमी असेल तर यीस्ट फळाच्या साखरेवर पुन्हा कामाला लागून नवी दारू तयार होऊ शकते, आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा. द्राक्षं तर कितीही कडक दारूत घरी मुरवायची नाहीत. मात्र पिण्याच्या अगदी आधी ग्लासात मिसळलं तर हरकत नाही. म्हणजे कॉकटेल चालतं, बरणी चालत नाही. एक किलो उमे घरी टिकल्या काढून तयार, आणि मी दुकानात चोरासारखी उभी.

वाट त्यांनीच दाखवली. उमेचा नुसता पाक करा, दारू नकोच. किलोला किलो खडीसाखर, बरणीत थरावर थर, आणि रोज बरणी हलवायची. तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी सुटलं. मुरांब्यासारखंच, फक्त ऊन नाही. एकदा वर फेस दिसला तेव्हा घाबरून दोन चमचे व्हिनेगर घातलं, तो बसला. अठराव्या दिवशी सुरकुतलेली उमे काढून पाक फ्रीजमध्ये ठेवला. चव थेट पन्ह्याची, वेलदोडा विसरलेल्या. नव्वद मिली गेन्शु, पंधरा मिली हा पाक, साठ मिली सोडा, आणि शिसोचं (पुदिन्याच्या कुळातली सुवासिक पाल्याची भाजी) एक पान तळहातावर चापट मारून वर. हे जमलं. नवरा काही बोलला नाही, ग्लास पुढे केला.

जुलैत आणखी दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या. काकडीच्या पातळ चकत्यांना चिमूटभर मीठ लावून त्यावर साके आणि टॉनिक: उत्तम, आणि फुकटात कोशिंबीर. गढूळ निगोरी साकेत कॅल्पिस, म्हणजे इथलं दुधाचं आंबटगोड सरबत: गोडाचा अतिरेक, मोरीत ओतलं.

सासू-सासरे आले. सासूबाईंनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेल्या कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या काढल्या, तेव्हाच माझ्या डोक्यात गोळा आला. पंधरा टक्क्यांची साके घरच्या फ्रीजरमध्ये दगडासारखी गोठत नाही, भिजलेल्या किसासारखी होते. काचेची बाटली मात्र ठेवायची नाही, फुटते. मी साधी जुन्माई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, झिपच्या दोन पिशव्यांत पातळ थर करून आडवी ठेवली. आगळात साखर विरघळवून वेगळी बाटली भरली. आगळात मूळचं मीठ असतंच. इथेही लाकडी मापातून साके पिताना काठावर चिमूटभर मीठ ठेवायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे तिकडे मला काळजी नव्हती. शनिवारी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्फाच्या पाकिटांसह थंड पेटीत घातलं आणि बस पकडली. सायकली घरीच ठेवल्या. दारू पिऊन सायकल चालवणंही इथे गुन्हा आहे, आणि एका उन्हाळ्यात एवढे कायदे मला पुरे होते.

एक पिशवी काठावर पोचेपर्यंत पाणी झालीच. दुसरी टिकली. अंधार पडल्यावर ती हाताने चुरली, कागदी पेल्यांत भरली आणि वर कोकम ओतलं. लाल रंग किसातून खाली उतरत गेला, जुहूच्या गाडीवर उतरतो तसा. तेवढ्यात सुरुवातीची सलामी उडाली, पाच सेकंदांत एक हजार, आणि बाबांच्या तोंडून निघालेलं "आई गं" कोकमासाठी की आकाशासाठी ते कळलं नाही. दुसरा पेला संपवताना त्यांनी हळूच विचारलं, "यात ती आहे ना गं? की नुसताच गोळा?"

"आहे बाबा. बेताने घ्या."

सासूबाईंसाठी मी कोकम-सोडा वेगळा केला होता. त्यांनी "बघू काय एवढं" म्हणून बाबांच्या पेल्यातला एक चमचा घेतला. मग दुसरा. पेला परत दिला नाही. नदीपलीकडे चिबाच्या बाजूला धूर सरकत होता, तिकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी आगळात मीठ जरा कमी घालून आणते."