जंतांचं म्युझियम आणि एक रिकामी नळी

फुजी पाहिला, क्योटो पाहिलं, निक्कोच्या पायऱ्यांवर गुडघे धरून बसले. फोटो सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेच आहेत. लिहायचंय ते तोक्योतल्या जंतांच्या म्युझियमबद्दल.

निशी-कासाईला भाच्याकडे उतरले होते. "मावशी, लोक इथे डिस्नेलँड बघायला येतात गं," असं म्हणत का होईना, बिचारा आला सोबत. पहिल्यांदा गेलो तो नेमका मंगळवार. मेगुरो स्टेशनपासून पंधरा मिनिटं तंगडतोड, आणि दार बंद. सोमवार-मंगळवार सुट्टी. वेबसाइटवर लिहिलेलं होतं म्हणे. परतीच्या चढावर भाचा एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

शुक्रवारी पुन्हा. सातोरु कामेगाई या डॉक्टरांनी १९५३ साली काढलेलं हे म्युझियम. दोन मजले, तिकीट नाही. हातात हात घालून जंत बघायला आलेली जोडपी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. सगळी झुंबड वरच्या मजल्यावर, ८.८ मीटरच्या टेपवर्मपाशी. शेजारी तेवढ्याच लांबीची पांढरी फीत टांगलेली, हातात घेऊन बघायला. मी ती भाच्याच्या हातात दिली आणि माझ्यातली प्राणिशास्त्राची बाई जागी झाली. म्हटलं, गोलकृमीही काही कमी नाहीत. खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या स्पर्म व्हेलच्या गर्भाशयातल्या वारेत एक सापडला, १९५१ साली त्याचं बारसं झालं. मादी ८.४ मीटर, पोटात ३२ अंडाशय!

"मावशी, हळू."

"इथे कुणाला मराठी येतंय?"

पण मी अडकले ती पलीकडे, सात्यू यामागुती यांच्या रेखाटनांपाशी. या माणसाने माशांतले, पक्ष्यांतले शेकडो नवे परजीवी शोधून जगासमोर मांडले. तिथे कुणी थांबत नव्हतं. रागच आला मला. नवी प्रजाती मांडायची म्हणजे किडा धरून फोटो काढायचा, असं वाटतं लोकांना. आधी त्याला ग्लिसरीनमध्ये पारदर्शक होऊ द्यायचं. मग ओठ किती, अन्ननलिका किती लांब, नराच्या शेपटीकडचे काटे कसे, सगळं मोजायचं आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे दिसतंय ते कागदावर गिरवू देणारं भिंग-आरशाचं उपकरण, लावून रेघेरेघेने काढायचं. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो संग्रहालयात ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला शंका आली तर त्याने बाटली उघडून बघावं.

हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण एमएस्सीला असताना मी तिथपर्यंत पोचले होते. सरांनी अरबी समुद्रातल्या सफरीवरून खोल पाण्यातला मासा आणला होता, उंदरासारखी निमुळती शेपटी असलेला. वर येताना दाब कमी होऊन त्याचे डोळे बाहेर आलेले. त्याच्या आतड्यात एकच गोलकृमी, शिवणाच्या दोऱ्याएवढा. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी तो जुळेना. मी तो वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या उथळ बशीत, अल्कोहोलात ठेवला, ग्लिसरीन घालायचं विसरले, दिवा तसाच चालू ठेवला आणि कँटीनला वडा खायला गेले. परत आले तर अल्कोहोल उडून गेलेलं, काचेवर तपकिरी रेघ. नखाने उचलायला गेले, तर भुगा झाला.

सरांना सांगितलं, नमुना आधीच खराब होता. मादी होती, एकटी होती, नराच्या काट्यांशिवाय वर्णन अर्धवटच राहिलं असतं, अशी स्वतःची समजूत घातली. पण तेवढ्या खोलीवरचा मासा मला पुन्हा बघायला मिळाला नाही.

हे सगळं मी भाच्याला परतीच्या त्याच चढावर सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला. धाप लागली होती, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत.

तो म्हणाला, "नाव ठरवलं होतंस?"

ठरवलं होतं. शाई अल्कोहोलात विरघळते म्हणून शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून नळीत घालूनही ठेवलं होतं, किडा घालायच्या आधीच. त्याला म्हटलं, आधी स्टेशन येऊ दे. स्टेशन आलं, गाडी आली, त्याने पुन्हा विचारलं नाही. ती नळी आमच्या घरी शिवणाच्या डब्यात आहे, बुचासकट.