०.४ मिलिमीटरचं भांडण

बुधवार, रात्रीचे सव्वाअकरा

आज सुई धरवत नाहीये म्हणून पेन धरलंय. डाव्या हाताच्या मधल्या बोटाची पार चाळणी झालीये.

झालं असं की जेवणं आटोपल्यावर मी मोठ्या हौसेनं भाचीच्या आहेराच्या चादरीसाठी शिवलेली सगळी कापडी फुलं दिवाणावर मांडली. एकूण ४०. एक पिवळा षटकोन मधे, भोवती सहा. पिवळा माझ्या जुन्या सुती ओढणीचा आणि पाकळ्या ह्यांच्या शर्टांच्या, पीथमपूरच्या कंपनीत ३१ वर्षं घातलेले तेच ते निळे रेघारेघांचे शर्ट, कॉलर फाटली तरी कापड कसं खणखणीत. म्हंटलं चला, आता फुलाला फूल जोडायला घेऊ. पहिली चार मस्त जुळली. पाचवं जोडलं तर मधे जरा फुगवटा आला, सहाव्याला तर सरळ वाटीच झाली, हातानं दाबली तर दुसरीकडून वर येते. मला वाटलं टाके फार ओढले गेले. उसवलं, परत शिवलं, परत वाटी.

हे टीव्हीसमोरून उठून आले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ह्यांचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचा तो, कपाटात तेल लावून ठेवलेला आहे, तो घेऊन आले. कापडाच्या आत घालतात त्या साच्यांपैकी एक पुठ्ठ्याचा षटकोन मोजला, एक प्लास्टिकचा मोजला आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं काही कंपनीत माल रिजेक्ट झालाय.

"अगं, हा २५ मिलिमीटर आणि हा २५.४."

आता ह्यातलं प्रकरण असं. षटकोनाचं माप म्हणजे त्याच्या एका बाजूची लांबी. प्लास्टिकचे साचे लेकीनं ऑनलाइन मागवून दिले होते, ते एक इंची. त्याआधी ३१ फुलं मी घरच्या साच्यांवर केली होती, लग्नपत्रिका कापून. कंपासमधे अडीच सेंटिमीटर घ्यायचे, गोल काढायचा आणि तेच माप गोलावर सहा वेळा फिरवत न्यायचं, सहाव्यांदा बरोब्बर सुरुवातीच्या खुणेवर येतं (शाळेत हे भूमितीच्या बाईंनी शिकवलं तेव्हा अजिबात कौतुक वाटलं नव्हतं). पट्टीवरची इंचाची बाजू पुसट झालीये म्हणून मी सेंटिमीटरची वापरली. एक इंच म्हणजे अडीचच की!

"अडीच नाही, २.५४," हे म्हणाले. मग कागदच घेऊन बसले. समोरासमोरच्या दोन बाजूंमधल्या अंतरात प्रत्येक तुकड्यामागे ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो म्हणे, म्हणजे दहा तुकड्यांत ७, वीस तुकड्यांत १४. "आणि तू म्हणतेस टाका ओढला गेला."

मी चिडले. आमच्या आईनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पट्टी कधी हातात धरली नाही. जुनं लुगडं अंथरायचं, वर चिंध्या लावायच्या, कडेकडेनं धावदोरा घालत मधे यायचं, तुकडा कमी पडला तर दुसरा सरकवायचा. गोधडी माणसाला सांभाळून घेते हो. हे षटकोन नाही घेत. तीन कोपरे एका ठिकाणी येऊन मिळतात, तिन्ही १२० अंशांचे, तिथे लबाडीला जागाच नाही.

गुरुवार, दुपार

सकाळी कचरागाडीचा भोंगा ऐकून चिंध्यांची पिशवी देऊन आले. शेजारच्या भाभींनी ती बघून परत विचारलंच, "इतने छोटे छोटे टुकड़े, मशीन पे नहीं होता क्या?" होतं की. पण मशीनवर ते कोपरे वळवायचे म्हणजे जीव जातो. हातानं कसं, कापड साच्यापेक्षा पाव इंच मोठं कापायचं, कडा मागे दुमडून कच्चे टाके घालायचे, मग दोन तुकडे सुलट्यावर सुलटं ठेवून काठानं बारीक शिवत जायचं, घडीचे दोन-दोन धागे फक्त सुईत घ्यायचे, कागदाला सुई लागू द्यायची नाही. सात तुकड्यांच्या एका फुलात अशा १२ कडा येतात. माझे एका कडेला १४-१५ टाके पडतात. आणि तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या गेल्याशिवाय आतला साचा काढायचा नाही, नाहीतर कडा सैल पडतात.

सुरुवातीला ओटीत आलेले ब्लाउजपीस काढले होते, दोन पिशव्या भरून आहेत, कुणाच्या घरात नसतात! पण निम्मे टेरिकॉटचे, दुमडलेली कडा थांबतच नाही, आणि एकावर इस्त्री जरा जास्त गरम पडली तर चिकटलाच. टू बाय टू रुबियाचे तेवढे बाजूला ठेवलेत. कमी पडलं तर शीतलामाता बाजारात जाऊन सुती कटपीस आणीन.

आणि प्लास्टिकचं म्हणाल तर, लेकीला सांगू नका, मला ते आवडलं नाही. धुऊन पुसून पुन्हा वापरता येतं, कोपरे झिजत नाहीत, सगळं मान्य. पण दोन पाकळ्यांमधल्या खाचेत तिसरा तुकडा बसवायचा तर मागचा साचा जरा मोडावा लागतो. पत्रिका बिचारी मुकाट्यानं दुमडते आणि परत सरळ होते. प्लास्टिक ताठ, तळहाताला टोचतं, आणि सुई निसटते ती थेट बोटात, ही चाळणी त्याचीच. वर इस्त्री दाखवायची सोय नाही, दोन साचे पापडासारखे वळले.

तर निर्णय झाला, पत्रिकाच. प्लास्टिकवाली नऊ फुलं उसवणार नाही, त्यांचे उशीचे अभ्रे होतील. आधी मला पलंगाची करायची होती, ६० बाय ९० इंच, पण हिशेब केला तर दोन हजारांच्या वर तुकडे निघाले. भाचीचं लग्न फेब्रुवारीत. म्हणून ३६ बाय ४५, मांडीवर घ्यायला. साडेसहाशे तुकडे, म्हणजे ९२ एक फुलं, पैकी ३१ तयार.

रात्री

हे आता स्वतःच कापायला बसलेत, स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन. मला हात लावू देत नाहीत. माप मात्र माझंच ठेवलंय, २५ मिलिमीटर, हे विशेष.

हे मुकाट्यानं कापत होते म्हणून मी मोबाइलवर वाचून दाखवत होते, कागदावर कापड दुमडून शिवायची ही रीत केवढी जुनी आहे ते. इंग्लंडमधे १७१८ साल घातलेली एक रेशमी चादर अजून जपून ठेवलीये आणि अमेरिकेत १८३५ साली गोडीज लेडीज बुक नावाच्या मासिकात षटकोनांचा नमुना छापून आला होता. जुन्या चादरींच्या आत कागद कधीकधी तसेच राहिलेले असतात, पत्रं, बिलं, वर्तमानपत्राचे तुकडे, त्यावरून ती कधीची ते कळतं.

"म्हणजे आपल्यात कोणाकोणाची लग्नं निघतील बघ," म्हणत ह्यांनी कापलेल्या षटकोनांचा ढीग पुढे सरकवला. एकावर नुसतं 'चि. सौ. कां.' एवढंच, एकावर अर्धा गणपती, सोंड गायब. आणि एकावर, बरोब्बर मधोमध, एक अक्षर न कापता, 'कृपया आहेर आणू नये'.

तो मी बाजूला काढला. भाचीच्या आहेरात हा एक आतच राहू द्यायचा माझा विचार आहे. हे म्हणतात पहिल्या धुण्यात लगदा होईल.