पतंगाची बग्गी: आधी थांबायला शिका

पतंगाच्या ओढीने पळणारी आजची तीनचाकी काईट बग्गी १९९०च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी रुळवली. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या इव्हानपाह या कोरड्या तळ्यावर ती सुसाट पळते. पुढचं चाक पायांनी वळवायचं, हातात चार दोऱ्यांच्या पतंगाच्या मुठी. बग्गीला ब्रेक नाहीच!

म्हणून पतंगाचं माप जपून निवडा. वारा ताशी २० वरून ३० किलोमीटर झाला की ओढ दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. शंका असेल तर लहानच पतंग घ्या.

निघताना पतंग डोक्यावर स्थिर करून बसा, बग्गी वाऱ्याला आडवी ठेवा आणि पतंग जायच्या दिशेला खाली आणा. वेगात असताना तो एकदम डोक्यावर नेऊ नका, सीटवरून उचलले जाल. सरळ वाऱ्यासोबत गेलात तर बग्गी पतंगाला गाठते, दोऱ्या सैल पडतात आणि मग जोरदार हिसका बसतो.

थांबायचं असेल तर वारा जिकडून येतोय तिकडे हळूहळू तोंड वळवा. ओढ आपोआप कमी होते. गडबड झाली तर मुठी सोडा. मनगटाच्या पट्ट्या पतंगाच्या ब्रेकच्या (म्हणजे मागच्या कडेच्या) दोऱ्यांना जोडलेल्या असल्या, तर पतंग निपचित पडतो. हेल्मेट हवंच. समुद्रकिनाऱ्यावर चालवली असेल तर बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस लावा.